ओल धरलेलं एलिमेंट

इस्पितळाचं स्वयंपाकघर तळघरात होतं. काकू जिना उतरत होत्या त्या एका खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा दंड धरून. पिशवी जड की नवरा, हे त्यांना त्या दिवशी सांगता आलं नसतं.

नवऱ्याला सगळे भट्टीवाले काका म्हणत. तीस वर्षं ते बेकऱ्यांचे, खानावळींचे, वसतिगृहांचे विजेवरचे ओव्हन दुरुस्त करत आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात थोडा थांबला आणि झोप बरीच वाढली. तेव्हा काकू सोबत निघाल्या त्या नुसती बॅटरी धरायला. मग काकांच्या बोटांतून स्क्रू निसटायला लागले, म्हणून पेचकस काकूंकडे आला. त्यामागून पक्कड आली, मग मीटर आला. बोट दिलं की मनगट धरतात, तसं सगळं काम काकूंच्या अंगावर आलं. घरचा स्वयंपाक, धुणं, काकांच्या गोळ्यांच्या वेळा, हे होतंच.

तरी एक रीत न ठरवता ठरून गेली होती. बोलायचं काकांनी, करायचं काकूंनी. गिऱ्हाईक काकांकडे बघून विचारायचं, काका खुर्चीतून उत्तर द्यायचे, आणि काकू गुडघे टेकून ओव्हनच्या पोटात डोकं घातलेल्या असायच्या. "निम्म्या जगाचे संसार असेच चालतात," असं त्या एकदा फोनवर मुलीला म्हणाल्या होत्या. मुलगी हसली नाही. "आई, पुरे कर आता हे," एवढंच म्हणाली.

खाली आचारी वाटच बघत होता. चांगला धिप्पाड गडी, पण चेहरा रडवेला झालेला.

"काका, ओव्हनचा खालचा मजला बंद पडलाय. बटण दाबलं की खटका पडतो आणि अर्ध्या स्वयंपाकघराचे दिवे जातात. वरच्या एका मजल्यावर दोनशे माणसांचा पाव कसा भाजू मी?"

दोन मजली ओव्हन होता, पुरुषभर उंचीचा. काकांनी स्टुलावर बसता बसताच निकाल दिला. "एलिमेंट गेलं. नवीन मागवू. चार दिवस लागतील."

"चार दिवस!" आचाऱ्यानं कपाळावर हात मारला.

काकूंनी तोवर मुख्य स्विच बंद करून मागची पत्र्याची पाठ उघडली होती. एलिमेंटच्या दोन्ही टोकांच्या तारा सोडवून त्यांनी मीटर लावला. तार धडधाकट होती, कुठंही तुटलेली नाही. त्या उकिडव्या बसून विचार करत राहिल्या. तार तुटली असती तर ओव्हन नुसता गार राहिला असता. खटका कशाला पडेल?

"दादा, ओव्हन धुतला होता का?" त्यांनी आचाऱ्याला विचारलं.

आचारी मान खाजवायला लागला. "परवा. तपासणीला साहेब येणार होते ना. नव्या सफाईवाल्यानं पाइप लावला."

"पाइप? अहो, ओव्हन आहे तो, म्हैस नव्हे!"

"अगं, एलिमेंटच गेलंय," काका मागून म्हणाले. "खोल आणि काढ. चल."

काकूंनी पिशवीतून मेगर काढला. हातानं दांडा फिरवायचा जुना डबा तो. वीज आतल्या तारेतून बाहेरच्या नळीत झिरपते का, हे त्याचा काटा सांगतो. दांडा जोरात आणि एकसारखा फिरवावा लागतो. काकूंनी फिरवला. काटा पार वर जायला हवा होता, तो तळाशीच लोळत राहिला.

आता चित्र स्पष्ट होतं. हे एलिमेंट म्हणजे बाहेरून नुसती वाकवलेली नळी. आत बारीक तारेची गुंडाळी, आणि तार नि नळी यांच्यामध्ये गच्च ठासलेली पांढरी पूड. ही पूड तारेची उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज मात्र अडवते. पण ती मोठी तहानलेली. टोकांचं सील जुनं झालं की तिथून ओल पिते, आणि ओली झाली की वीज अडवायचं काम सोडून देते. मग वीज नळीत उतरते आणि खटका पडतो. एलिमेंट मेलेलं नव्हतं, त्यानं ओल धरली होती.

काका पुन्हा म्हणाले, "मागवायला सांगितलं ना मी?"

दोन वर्षं काकूंनी अशा वेळी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. आज पाठ दुखत होती, सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं, आणि गप्प बसायलासुद्धा ताकद उरली नव्हती.

"अहो, थांबा," त्या म्हणाल्या. "ते चांगलं आहे. वाळवलं की चालेल."

आचाऱ्यानं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. काका उठले, भिंतीला धरत धरत जिन्यापाशी गेले आणि बटाट्यांच्या पोत्यावर पाठ करून बसले.

काकूंनी एलिमेंट काढलं, पुसलं आणि वरच्या चालू मजल्यात ठेवलं. "दीडशेवर ठेवा. तीन तास."

वाट बघताना आचाऱ्यानं चहा दिला आणि पहिल्यांदाच थेट त्यांना विचारलं, "काकू, मग साफ कसा करायचा हा?"

"पूर्ण गार झाल्यावर ओलं फडकं पिळून पुसायचा. एलिमेंटवर फवारा नाही, तारेचा ब्रश नाही. आणि खाली हा चांदीचा कागद अंथरता ना सांडू नये म्हणून, तो काढा. उष्णता कोंडते त्याच्यामुळे. टोकांचे स्क्रू मात्र सहा महिन्यांनी कुणाला तरी आवळायला लावा, ढिलं टोक तापून जळतं. बरेच दिवस बंद ठेवलात, तर पहिला तासभर मंद आचेवर चालवा. आतली ओल हळूहळू निघून जाते."

दुसरा कप घेऊन त्या काकांपाशी गेल्या. काकांनी कप घेतला नाही.

"परक्या माणसासमोर पाणउतारा केलास."

"दोनशे आजाऱ्यांचा पाव अडला होता."

मग काका खालच्या आवाजात म्हणाले, "मेगर फिरवता येत नाही मला. वर्ष झालं."

"मग मला सांगायचं. मी फिरवला असता."

"बाकी सगळं तुझ्याकडे गेलंच होतं. काय बिघडलंय हे सांगणं तेवढं माझ्याकडे राहिलं होतं."

"म्हणून न तपासता नवीन मागवत होता?"

काकूंना संतापायचं होतं, पण संतापालाही अंगात त्राण लागतं. त्यांनी कप काकांच्या डाव्या हातात दिला आणि पोत्याच्या कडेवर बसून घेतलं.

तीन तासांनी एलिमेंट निवू दिलं. मेगरचा काटा सरळ वर गेला. काकूंनी तारा जोडल्या, पाठ बसवली आणि आधी मंद आच लावली. खटका जागचा हलला नाही. आचारी लगेच पिठाकडे धावला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी घरच्या गॅलरीत पडलेली, वर्षभरात बदलून आणलेली एलिमेंटं एकेक करून तपासली. नऊ होती. चार मेलेली, दोन ओल धरलेली, तीन अगदी ठणठणीत. त्यांनी काही न लपवता काकांना ते सांगितलं. काकांनी त्या नळ्या एकेक करून उचलून पाहिल्या. मग म्हणाले, "दोन ओली वाळवून घे. पाचही ज्याची त्याला परत देऊ. फोन लावून दे."

नंबर काकूंनी लावले, बोलले काका. प्रत्येकाला म्हणाले, "तुमचं जुनं एलिमेंट चांगलं होतं. चूक माझी. आणून देतो, जादाचं म्हणून ठेवा." एक बेकरीवाला हसला. एका खानावळवाल्यानं दहा मिनिटं झापलं, आणि काकांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. पुन्हा येऊ नका, असंही तो म्हणाला.

शेवटचा फोन ठेवून त्यांनी विचारलं, "पुढच्या कामाला गेलो की आधी तू सांगशील, काय झालंय ते?"

"सांगेन. पण आज नाही," काकू म्हणाल्या. "आज मी पडते जरा."

संध्याकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते. त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. काका जेवणासाठी डाव्या हातानं भांडी काढत होते, दोन खाली पडली. काकूंनी ऐकलं, पण त्या उठल्या नाहीत.