डबीवरचं कुंकू
ग्रीस आणि झेंडूचा वास एकत्र आला की दौंडकडचा तो साखर कारखाना आठवतो. माझ्या जन्माआधीपासून चालणाऱ्या मिलच्या बेअरिंगवर मी बिनतारी सेन्सरची डबी बसवली होती. ऐन हंगामात संगणकावर बेअरिंगची थरथर वाढलेली दिसली आणि मी मिल थांबवायला सांगितलं. बाहेर उसाच्या गाड्यांची ही रांग! म्हातारे फिटरमामा बेअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "गार हाय की! पर तुम्ही म्हंताय तर खोलू." खोललं, तर आत तडा. पुढच्या खंडेनवमीला यंत्रांची पूजा करताना मामांनी माझ्या डबीलाही हळदकुंकू लावलं. म्हणाले, "ही बी आता घरचीच." डबी केव्हाच बंद पडली, माझ्या टेबलावर असते. कुंकू अजून पुसलेलं नाही.