जुनेर मागणाऱ्या मावशी

कुणी जुनं लुगडं हातात दिलं, की मावशी आधी ते गालावर घासून बघत. मग म्हणत, "मऊ हाय. लेकराला चालंल." आणि पसंत पडलं नाही, तर तिथल्या तिथे परत करत. देणारीला काय वाटेल याची त्यांना फिकीर नसे.

मागायचं ते मागायचं आणि वर पारख करायची, असं माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. मावशी आमच्या गल्लीत रविवारी येत, चर्च सुटल्यावर. काष्टीच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं आमचं गाव. गावात सरकारी दवाखाना होता आणि त्याला लागून बाळंतिणींसाठी चार खाटांची खोली. मावशी तिथे आया होत्या. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका.

दवाखान्यात बाळंतपण फुकट होतं. पण खाटेवर अंथरायला, बाईला घ्यायला, बाळाला गुंडाळायला कपडे घरून आणावे लागत. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण आपल्या ट्रंकेत जुनेरं असतात. जिच्याजवळ अंगावरचं एक आणि वाळत घातलेलं एक एवढीच लुगडी, तिने काय आणायचं? मावशी म्हणत, "फुकट हाय म्हनून सांगतेत, पर बाई लाजंनं पायरी चढत न्हाई." म्हणून त्या दारोदार जुनेरं मागत, सोडा घालून उकळत, कडक उन्हात वाळवत आणि फाडून घड्या करून ठेवत.

पेठेतल्या एका दुकानदाराच्या बायकोने एकदा मोठ्या मनाने कोरा मांजरपाट काढून दिला. मावशींनी तो बोटांत चोळला आणि परत केला. "टोचतंय हे. चादरी करा, दोन वर्सं वापरा, मंग मी येते न्यायला." नायलॉनची पातळं तेव्हा नुकती आली होती. त्यांना तर त्या हात लावत नसत. "पानी पीत न्हाई हे. लेकरू घसरंल ह्याच्यावरनं."

रस्त्यात भेटल्या की त्यांची नजर आधी माझ्या पातळावर जाई. "बाई, ह्याला अजून सा म्हैने लागत्याल," असं त्या सांगत, जणू झाडावरच्या पपईविषयी बोलताहेत. मग मी हसे आणि त्याही हसत.

पुढे दुष्काळ पडला. माळावर खडी फोडायची कामं निघाली आणि दिवस भरत आलेल्या बाया कामावरूनच दवाखान्यात येऊ लागल्या. मावशी आता दर दोन-तीन दिवसांनी गल्लीत दिसू लागल्या. बायका कंटाळल्या. जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून स्टीलचे डबे मिळत होते; मावशींकडून काय मिळणार? मीसुद्धा दोनदा आतूनच "आज नाही" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा मनाला लागलं, म्हणून ट्रंकेतून एक जांभळं पातळ काढून दिलं. नकली रेशमाचं, जरीच्या काठाचं. चांगलं होतं, पण रंग मला आवडत नव्हता. मावशींनी ते गालाला लावलं, क्षणभर थांबल्या आणि काही न बोलता घेऊन गेल्या. आपण फार मोठं दान केलं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

आठवड्याने बाजारात गेले, तर बोहारणीच्या ढिगात माझं जांभळं पातळ. काठ ओळखीचा, निऱ्यांजवळचा रफूसुद्धा माझाच.

त्यानंतर जे झालं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मावशी गल्लीत आल्या तेव्हा चार-पाच जणी ओट्यांवर बसल्या होत्या. मी सगळ्यांसमोर विचारलं, "माझं पातळ बाजारात विकलंस ना?" एरवी मी त्यांना अहोजाहो करत असे. त्या दिवशी तोंडातून 'तू' गेलं.

"इकलं न्हाई, बाई. बदललं. ऐका तर..."

"काय ऐकायचं? गरीब बायकांच्या नावावर गोळा करायचं आणि बोहारणीला घालायचं."

काखेतलं गाठोडं मावशींनी सावरलं, एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि आल्या वाटेने गेल्या. मी एवढ्यावर थांबले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी मावशींना सांगितलं, उद्यापासून गावात मागत फिरायचं नाही.

दीड महिना गेला. आमच्याकडे भांडी घासणारी सखू बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्यासाठी शिरा घेऊन दवाखान्यात गेले. चार खाटा असलेली ती खोली मी तोवर आतून पाहिलीच नव्हती. सखूच्या खाली बारदान अंथरलेलं होतं. कुशीतलं बाळ मात्र हिरव्या, मऊ कापडात होतं. ते लुगडं मला ओळखीचं वाटलं, पण कुणाचं ते आठवेना.

तेवढ्यात मावशी पाण्याची बादली घेऊन आल्या, आणि मला आठवलं. त्या नेहमी हिरवं नऊवारी लुगडं कासोटा घालून नेसत. आज तेच लुगडं गोल गुंडाळलेलं होतं आणि घोट्याच्या वर आलं होतं. कासोट्यापुरतं कापड उरलंच नव्हतं.

माझी नजर त्यांनी ओळखली. "फॅशन केली बाई, पाचवारीची," म्हणाल्या आणि बादली ठेवून बाहेर गेल्या.

सखू हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमचं त्ये जांभळं पातळ लई बेस हुतं म्हनं. बोहारनीनं त्याच्या बदल्यात चार सुती जुनेरं दिली. चार बायांचं निभलं त्याच्यात. शेवटचं माझ्या आदल्या बाईला घातलं."

सखू सांगतच होती. माळावरच्या कामावरची एक बाई पायरीपर्यंत येऊन परत गेली होती. जुनेर आणलंय का, असं नर्सनं विचारलं, एवढंच. मावशी तिच्यामागे फाट्यापर्यंत पळत गेल्या, पण ती सापडली नाही. तिचं पुढे काय झालं ते कुणाला कळलं नाही. मावशींनी आपलं लुगडं फाडलं ते त्यानंतर.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. नेसती तेवढी ठेवून सगळी सुती पातळं बांधली आणि संध्याकाळी नेऊन दिली. मावशींनी एकेक तपासलं. "मऊ हायेत," म्हणाल्या. मी उभी राहिले. माफीचे शब्द घरून जुळवून आणले होते. ते निघाले नाहीत. "येते," म्हणून परतले.

डॉक्टरांना मी गैरसमज झाल्याचं सांगितलं. त्यांनी मागायला फिरण्याची बंदी उठवली. पण मावशी आमच्या गल्लीत पुन्हा आल्या नाहीत. मग गल्लीतली जुनेरं मीच गोळा करू लागले. बायका मला आनंदाने देत. म्हणत, "तुमच्या हातात दिलं की काळजी नाही. त्या बाईसारखं नाही." आणि मी गाठोडं बांधत असे. वाचणाऱ्यांनो, त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं, की मावशी खऱ्या होत्या. ते मी एकदाही बोलले नाही. बोलले असते तर माझी चूक उघडी पडली असती. लोक मला भलीच समजत होते आणि मला ते हवंही होतं.

शाळेच्या बक्षीस समारंभात या कामाबद्दल पाहुण्या साहेबांच्या हस्ते नारळ देऊन माझा सत्कार झाला. मावशी मागे, सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या. नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बरं बोलले सायब तुमच्याइषयी." त्यात टोमणा होता का, ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नव्हता.

नोकरी संपल्यावर त्या राहात्याला लेकीकडे गेल्या. त्यांनी गाव सोडल्याचं मला आठवड्याने समजलं.

काही वर्षांनी शिक्षकांच्या शिबिरासाठी मी राहात्याला गेले आणि पत्ता विचारत त्यांच्या लेकीच्या दारात उभी राहिले. लेकीने खुर्ची दिली, पाणी दिलं. आई मागच्या साली गेली म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघत तिने विचारलं, "तुमी त्या शाळंतल्या बाई का? आई सांगायची. म्हनायची, बाई कापडं घेऊन येत्यात, उभ्या ऱ्हात्यात, कायतरी बोलायचं असतंय त्यास्नी. आन् तशाच जात्यात. काय बोलायचं हुतं वो?"

मी तिला सगळं सांगितलं. पातळाचं, ओट्यासमोरचं, डॉक्टरांचं, नारळाचंसुद्धा.

सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मंग हे तुमच्या गल्लीत कुनाला सांगितलं का?"

"नाही," मी म्हणाले.

तिने माझ्या हातातला पेला घेतला आणि ती आत गेली. आतून भांडी विसळल्याचा आवाज येत राहिला. तो थांबला तरी ती बाहेर आली नाही, तेव्हा मी उठले.