तिच्या ओळीतला मुलगा

आजही कुणी सहज विचारलं, "मुलं किती?" की मी विषय बदलते. खरं तर मी नर्स. हा प्रश्न जन्मभर मीच दुसऱ्यांना विचारला.

घोटीकडच्या उपकेंद्रावर मी रुजू झाले ती आणीबाणीच्या जरा आधी. त्या दिवसांत सरकारी जीप दिसली की पुरुष भाताच्या खाचरांतून पळत सुटायचे. पुढे राजवट बदलली, पुरुषांना कुणी हात लावेना, आणि नसबंदीचं सगळं ओझं बायकांवर आलं. आमचं टार्गेट मात्र काही सुटलं नाही. ठरलेल्या केसेस भरा, नाहीतर बदली पार सुरगाण्याच्या डोंगरात.

माझ्या हद्दीतल्या एका वाडीत दोन जावा होत्या. थोरलीची दोन मुलं पाळण्यातच गेलेली. तिसरा मुलगा माझ्या हातावर झाला, नाळ मीच कापली. बाराव्या दिवशी धाकटीनं पसाभर तांदूळ देऊन त्याला थोरलीकडून विकत घेतलं. जिची मुलं वाचत नाहीत तिनं मूल असं दुसरीच्या पदरात घालायचं, म्हणजे मरण त्याला शोधत तिच्या घरी येत नाही, अशी तिकडची रीत. त्यानंतर थोरलीनं 'माझा' म्हणायचं नाही आणि धाकटीनं 'माझा नाही' म्हणायचं नाही. एकदा जरी तोंडातून निघालं तरी घात. मुलगा एकाच अंगणात वाढला. जन्म दिला तिला काकू म्हणायचा, धाकटीला आई. मला तेव्हा हसू आलं होतं. नर्सिंग शिकलेली ना मी, मोठी शहाणी.

थोरलीला पुढे दोन मुली झाल्या आणि ती ऑपरेशनला तयार झाली. दुर्बिणीच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनचं शिबिर शाळेत भरलं होतं. धाकटी तिच्याबरोबर आली ती केवळ सोबत म्हणून, पोरं सांभाळायला. तिची स्वतःची एकच मुलगी, तीन वर्षांची. आणि त्या दिवशी मला नेमकी एक केस कमी पडत होती.

टेबलाशी बसलेल्या सुपरवायझरबाईंनी तिला हटकलं. "तुला किती गं?"

मुलगा तिचा पदर धरून उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. "दोन. एक पोरगी, ह्यो पोरगा."

"मग बास झालं की. जीप काय रोज येते न्यायला?"

"मला अजून एक पायजे व्हतं, बाई."

"का? हा मुलगा तुझाच ना?"

तिनं मुलाला जवळ ओढलं. नवरा दारात उभा होता, त्यानं मान खाली घातली. त्याच्याही तोंडाला तीच बंदी. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मला कसलीच बंदी नव्हती. "त्याची आई ही नाही," एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरं असल्याचं माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला. आत जाईपर्यंत ती मागं वळून माझ्याकडं बघत होती. मी फॉर्म चाळत बसले, चाळण्यासारखं त्यात काहीही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी गोवरात तिची मुलगी गेली.

कितीतरी दिवस मी त्या वाडीची पायवाट टाळली. लाज वाटायची, भीतीही वाटायची. शेवटी नाशिकला मोठ्या डॉक्टरांना विचारून आले. नळी परत जोडता येते म्हणाले, पण ज्या बाईचं एकही मूल उरलं नाही तिचाच अर्ज पुढे जातो. कागदावर हिचा मुलगा जिवंत होता. मी ठरवलं, रजिस्टर दुरुस्त करायचं, चूक माझी म्हणून लिहून द्यायचं, मग नोकरी राहो नाहीतर जावो. रजिस्टर घेऊन तिच्या घरी गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं.

"माझ्या वळीत काय लिवलंय, वाचा."

मी वाचलं. मुलगी, मयत. मुलगा एक, जिवंत.

"आन खोडलं तर त्यो कुणाचा व्हईल?"

"तुझ्या जावेचा. आहेच तो तिचा. तुला दुसरं होईल गं, निदान आशा तरी आहे."

तिनं तांदळाची पिठी लागलेला हात माझ्या पेनावर ठेवला. "नका खोडू. एक घालवलं म्या. आता ह्याला माझा नाय म्हनून सांगू का?"

"अगं, हा नुसता कागद आहे."

"त्या दिशी पन कागदच व्हता की, बाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी पेनाला टोपण लावलं आणि निघाले.

दरवर्षी घरोघरच्या नोंदी नव्यानं घ्याव्या लागत. त्या हद्दीत होते तोवर दरवर्षी मी तिच्या दारात उभी राहायचे आणि नियमाप्रमाणे विचारायचे, "मुलं किती?"

"एक," ती म्हणायची, आणि मी लिहून घ्यायचे.