मावशी ‘छाप’ म्हणाल्या नव्हत्या

अन्याय झाला तो लोहारा तालुक्यातल्या सत्तरीच्या एका बाईवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाला. करणारी मी. धाराशिवच्या माझ्या खोलीत लॅपटॉप उघडून मी प्रबंधासोबतच्या फॉर्मवर एका चौकोनात बरोबरची खूण केली. चौकोनापुढं इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: सहभागी व्यक्तींना त्यांचं कथन वाचून दाखवलं असून ते त्यांना मान्य आहे. मी वाचून दाखवलं नव्हतं. खूण केली, उठले, चहा टाकला.

पीएच.डी.ला लागायच्या आधी पाच वर्षं मी मोर्चे काढणाऱ्या एका संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या संघटनेत एक रीत आहे. पत्रकात ज्याची हकीकत असेल, त्याच्या दारात बसून ती आधी मोठ्यानं वाचायची. त्यानं ‘छाप’ म्हटलं तरच कागद छापखान्यात जायचा. एकदा एका गृहस्थानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लई झ्याक लिवलंय बाई, पर ह्यो मानूस म्या न्हाय.” पत्रक गेलं चुलीत. मला राग आला होता, पण छापलं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या भागात फॉर्म भरून घ्यायला जे येत राहिले त्यांच्यावरही मी एक पत्रक काढलं होतं. मथळा होता, ‘आमचं ऐकून गेलात, आम्हाला कधी ऐकवणार?’ मथळा माझाच. आता तो वाचवत नाही.

मग मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, तोही दोन देशांत. एक विद्यापीठ इकडचं, एक युरोपातलं. इकडं मार्गदर्शक सर, तिकडं मार्गदर्शक बाई. काही महिने तिकडं राहायचं, बाकी इकडं. प्रबंध एकच, पण प्रत्येक प्रकरण दोघांनी मान्य करायचं आणि पदवीवर दोघांचे शिक्के. आईला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे दोन सासवा.” मी हसले. दोन सासवा असल्या की सुनेला एक सोय असते, हे तिनं सांगितलं नाही. चुकलं की हिचं नाव तिला सांगायचं आणि तिचं हिला.

विषय होता भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावांतली नाती. सास्तूरला उतरून पुढं जावं लागतं अशा एका गावात मी सत्तरीच्या त्या मावशींकडं जाऊ लागले. गावाचं नाव सांगणार नाही. मावशींचा मुलगा पुण्याला असतो, वर्षातून दोनदा येतो. त्यांना बघतो तो समोरच्या घरातला पुतण्या. भूकंपात त्याची आई गेली, म्हणजे मावशींची जाऊ. तेव्हापासून मावशींनीच त्याला वाढवला. आता तो चाळिशीच्या घरात आहे. रोज सकाळी दुधाचा तांब्या घेऊन रस्ता ओलांडायचा, ओट्यावर बसायचा आणि विचारायचा, “काकू, गोळी घेतली का?” त्या म्हणायच्या, “घेतली की. तुझ्या बायकोला इचार, तिनं उपमा केला का न्हाय.”

चौथ्या भेटीत मावशींनी मला भूकंपाच्या पहाटेचं सांगितलं. जावेबद्दल एक वाक्य त्या बोलल्या. त्यांच्या मनात त्या क्षणी काय आलं होतं, ते. ते वाक्य मी इथं लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे. बोलून झाल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि रेकॉर्डिंग चालू असलेल्या माझ्या फोनकडं बोट केलं. “ते तेवढं काढून टाक बाय. समोर त्यो ऱ्हातो.”

मी म्हणाले, “व्हय मावशी. लिहून झालं की आणून वाचून दाखवते. तुम्ही छाप म्हणल्याबिगर जायचं न्हाय.”

मसुद्यात मी ते वाक्य ठेवलं. ठेवलं कारण ते चांगलं होतं. दुसरं कारण नाही. तिकडच्या बाईंनी समासात लिहिलं की सगळं प्रकरण या वाक्यावर उभं आहे, शीर्षकही त्यातूनच घ्या. मी सरांकडं गेले, म्हणाले, मावशींनी काढायला सांगितलंय. सर म्हणाले, “बाई म्हणतात तर राहू दे. नाव कुठंय त्यात?” नाव नव्हतं. मावशी ‘सातवी सहभागी’ झाल्या होत्या. तिकडं नाव काढलं की माणूस झाकला जात असेल. आमच्याकडं दोन जावा, एक गेलेली, दुसरीनं पोर वाढवलेलं आणि घरं समोरासमोर, एवढं लिहिलं की अख्खं गाव त्या ओट्याकडं बघतं. हे सरांना माहीत नसेल. मला माहीत होतं.

वेळ नव्हता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खोटं आहे. तिकडं जायच्या आदल्या आठवड्यात मी तुळजापूरला जाऊन आले, व्हिसाचा कागद देवीच्या पायाशी ठेवायला. लोहाऱ्याला जायला एक दिवस लागला असता.

प्रबंध मान्य झाला. तिकडच्या नियमाप्रमाणं तो, सुरुवातीलाच त्या चौकोनापुढचं वाक्य छापून, त्यांच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुला झाला. पदवी घेतानाच्या फोटोत मी हसतेय.

पुतण्याला तो कुणा ओळखीच्यानं पाठवला, ‘तुमच्या गावावर लिहिलंय’ म्हणून. इंग्रजी त्याला जड जातं. त्यानं फोनवरच त्याचं मराठी केलं आणि चुलतीच्या ओट्यावर बसून तिला वाचून दाखवलं. मी कबूल केलेलं काम त्यानं केलं. वाचता वाचता तो त्या वाक्यापाशी आला. दुसऱ्या दिवसापासून दूध त्याची बायको आणून ठेवते. तो रस्ता ओलांडत नाही.

हे मला त्याच्या बायकोनं फोन करून सांगितलं. मी गेले. मावशी शेंगा फोडत होत्या. बस म्हणाल्या, सूप माझ्याकडं सरकवलं. मीही फोडायला लागले.

“तुझ्या पुस्तकात लिवलंय म्हनं, मला वाचून दावलं म्हनून,” त्या म्हणाल्या. “कवा दावलंस? मला तर याद न्हाय. म्हातारपन हाय, म्याच इसरले आसंल.”

मी म्हणाले, “न्हाय मावशी. मी दाखवलंच न्हाय.”

“मंग तसं का लिवलंस?”

ज्या तोंडानं मी कलेक्टर कचेरीसमोर ओरडायचे, ते तोंड मिटून मी शेंगा फोडत राहिले.

“आता काढ ते,” त्या म्हणाल्या.

“दोन विद्यापीठं आहेत मावशी. दोघांची परवानगी लागते.”

“घालताना लागली व्हती का?”

“व्हय.”

“मंग घालताना जशी घेतलीस तशीच घे.”

मी दोन्हीकडं अर्ज केले. युरोपातल्या विद्यापीठानं कळवलं, भारतातल्या विद्यापीठानं आधी लेखी संमती द्यावी. इकडच्या कार्यालयानं कळवलं, वेबसाइट आमची नाही. त्या चौकोनातली खूण खोटी होती, हेही मी दोघांना लिहून दिलं. पदवी जाईल का, विचारलं. उत्तर आलेलं नाही. सरांनी फोन करून सांगितलं, “कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस? कोण वाचतंय तो प्रबंध?” ज्यानं वाचू नये त्यानंच वाचला, असं मी म्हणाले. पण हे बोलायलाही उशीरच झाला होता. धोंडा पडायचा तो मावशींच्या पायावर आधीच पडला होता.

हा मजकूर मी मागच्या रविवारी मावशींच्या ओट्यावर बसून वाचला. समोरचं दार उघडं होतं, पुतण्या आत होता. ऐकू जावं एवढ्या आवाजात वाचू का, असं मी विचारलं. “वाच,” म्हणाल्या. दोन ठिकाणी त्यांनी थांबवलं, “हे नगं.” दोन्ही जागा काढल्या. शेवटी सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “छाप.” तो बाहेर आला नाही. दारही लावलं नाही त्यानं.

आता तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणाकडं माझा प्रबंध आला असेल, फाइल म्हणून, छापील प्रत म्हणून, कुणी पाठवलेला फोटो म्हणून, तर ते वाक्य असलेलं चौथं प्रकरण उघडू नका. उतरवून घेतलं असेल तर पुसा. त्यातलं वाक्य आपल्या लेखात घेतलं असेल तर तो लेख मागं घ्या. माझ्या नावाची काळजी करू नका. आणि पुसलं की मला कळवा. मला मावशींच्या ओट्यावर जाऊन सांगायचंय, समोरच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात, की आज एक प्रत कमी झाली.