मेणमावशीची वडी

"रंगवून काय शिकणार ती? परीक्षेपर्यंत एक ओळ गिरवली नाही, तर पटावरून नाव काढावं लागेल," बालवाडीच्या बाई म्हणत होत्या.

"पेन्सिल बोटांत टिकत नाही तिच्या. मुठीत मावेल असं काहीतरी द्या की," केर काढणारी मावशी म्हणाली.

"आता तू मला शिकव."

मी दाराआड चपला शोधत होते. ती म्हणजे माझी नात, चार वर्षांची, बोटं लेचीपेची. शाळेनं मला दुसरीत सोडलं होतं, त्यामुळे नाव काढणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक.

त्या दिवसापासून मावशी मेणाच्या खडूंचे तुकडे वेचू लागली. घरी डब्यात वितळवायचे आणि झाकणात ओतून वडी थापायची. पहिल्या खेपेला बिचारीनं सगळे रंग एकत्र टाकले. निघाला चिखल. पोरं नाकं मुरडू लागली. माझ्या नातीनं तीच वडी मुठीत धरून कागदभर भेगा काढल्या.

"हे काय गं?" मावशीनं विचारलं.

"आजीच्या टाचा."

मग वडी उलटीपालटी करून विचारते कशी, "मावशी, यातला हिरवा कुठे गेला?" एरवी दिवसदिवस तोंड न उघडणारी पोर.

पुढं मावशी एकेक रंग वेगळा वितळवायची. दर सोमवारी वडी आणायची, मागच्यापेक्षा थोडी बारीक. नातीला कळायचंही नाही, पण मुठीचं काम चिमटीत येत गेलं. रंग रेघेच्या आत राहू लागला.

मावशीच्या खोलीला खिडकी नव्हती. स्टोचा धूर, मेणाचा धूर. डॉक्टरांनी बजावलं होतं, छाती पार गेली आहे. मला खोकला ऐकू यायचा. "आता पुरे" असं मी एकदाही म्हटलं नाही. मला नातीचं नाव पटावर हवं होतं.

परीक्षेला नातीनं ओळ गिरवली. वाकडी, पण अख्खी. कागद दाखवायला गेले, तर मावशीच्या खोलीला कुलूप. आदल्याच दिवशी तिला स्मशानात नेलं होतं.

त्याआधीचा सोमवार तेवढा डोळ्यांसमोर आहे. आमच्या दारच्या तीन पायऱ्या चढायला ती दोनदा बसली. कागदातून पेन्सिलीएवढी लाल कांडी काढली.

"दाबून नको म्हणावं, मोडेल."

"चहा घेतेस?"

"नको. मागचे तुकडे द्या आधी."

मी दिले. तिनं ते डब्यात टाकले, झाकण घट्ट लावलं आणि खोकत पायऱ्या उतरली.