लेकीच्या अंगठ्यांचं गाणं

जळालेल्या मोटरी घेऊन येणारे लोक त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे मोजणीमास्तर. मोटरीतली जळकी तार काढायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे मोजून वेढे भरायचे, हे त्यांचं काम. अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस; मोजणी चुकली की सगळं उलगडून पहिल्यापासून. म्हणून मोजणी चालू असताना दुकानात कुणी ब्र काढायचा नाही. काढलाच तर मास्तर डावं बोट वर करत, आणि त्या बोटापुढे भलेभले गप्प बसत.

लेक त्या बोटाखालीच वाढली. शाळा सुटली की ती मास्तरांच्या समोरच्या बाकावर येऊन बसायची. मोठी झाल्यावर हातात फोन आला. त्यात एक वाद्य होतं, काचेवर चितारलेलं: लाकडी फळी आणि तिच्यावर लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी छेडायच्या. कलिंबा म्हणतात त्याला. बाबांची मोजणी बिघडू नये म्हणून ती कानात इयरफोन घालून वाजवायची. रोज एकच गाणं, तिनं स्वतः रचलेलं. मास्तरांनी त्यातला एक सूर कधी ऐकला नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी ती बाकावरून उठून म्हणाली, “बाबा, मला दुसऱ्या गावी नोकरी लागलीय. जाऊ का?”

मास्तर छत्तिसाव्या वेढ्यावर होते. बोट वर गेलं. अठ्ठेचाळीस पुरे करून त्यांनी मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता.

ती गेली. जुना फोन घरीच राहिला. आईशी ती तासन्‌तास बोले, पण मास्तरांनी फोन घेतला की म्हणे, “कामात असाल बाबा, ठेवते.” आवाजात राग नव्हता, हेच त्यांना फार लागे. ती परक्या माणसासारखी समजूतदार झाली होती.

मग मास्तरांनी तो जुना फोन दुकानात आणला. वॉर्निशनं टणक झालेले त्यांचे अंगठे आधी काचेला ओळखूच येईनात. थिनरनं घासघासून त्यांनी ते माणसात आणले. दुपारी रस्ता पेंगुळला, ऊन बाकावर येऊन बसलं, की ते डोळे मिटत. तिचे अंगठे दिसू लागत: उजवा, उजवा, डावा, मग खालचा ओठ चावून थोडं थांबणं, मग डावा, अगदी कडेला. पातेल्यात थेंब पडावेत तसे सूर पडत, आणि त्यांना वाटे, डोळे उघडले तर ती समोर असेल. म्हणून ते डोळे उघडायला वेळ लावत.

एकदा बायको डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. “अहो, हे काय नवीन खूळ?”

“बोलू नकोस, मोजतोय.”

“गाणंसुद्धा मोजूनच?” तिनं हसत डबा ठेवला, आणि मग हळूच डोळे पुसले.

तीन महिन्यांनी गाणं पुरं झालं. मास्तरांनी ते आपल्या फोनवर रेकॉर्ड करून लेकीला पाठवलं. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते एक्केचाळिसाव्या वेढ्यावर असताना फोन वाजला. सवयीनं बोट वर गेलं, रिकाम्या दुकानात. मास्तरांनी त्या बोटाकडे पाहिलं, ते खाली घेतलं आणि फोन उचलला.

“बाबा, सगळं उलटं वाजवलंत!” ती हसत होती. “माझं उजवं ते तुमचं डावं. तुम्ही समोर बसायचात ना...” हसता हसता तिचा आवाज चिरकला. “म्हणजे तुम्ही बघत होतात?”

“रोज.”

मग तिनं नेहमीसारखंच विचारलं, “कामात आहात का? ठेवू?”

मास्तरांनी हातातली तार सोडून दिली. एक्केचाळीस वेढे सैल होऊन मांडीवर पसरले.

“नाही,” ते म्हणाले. “त्या दिवशी तू विचारलं होतंस, जाऊ का म्हणून. जा, बाळा. पण आधी ते गाणं सुलट ऐकव.”