विद्यापीठाची गिरणी करणारे मोमीन सर

मोमीन सरांनी मला विद्यापीठाच्या आत नेलं, आणि माझी जाऊ वंदना हिनं माझं घर सांभाळून मला तिकडं जाऊ दिलं. ही दोन नावं आधी लिहून टाकते. पेपरला लिहायचं म्हणजे मला भ्या वाटतंय, मधेच हात थांबला तर निदान एवढं तरी लोकांना कळावं.

त्या दिवशी दुपारी मी वापीतल्या आमच्या खोलीत पिठाच्या पिशव्या भरत होते. वंदनाचा फोन आला. ती पेडगावहून बोलत होती. "अक्का, हातातलं काम ठेव आधी," म्हणाली. मी ठेवलं नाही, फोन मानेत धरला. "सर गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" कारण सर सारखे कुठं ना कुठं जात असायचे, आज ताडकळसचा बाजार, उद्या कुठला मेळावा... मग वंदनानं नीट सांगितलं. नमाजाला निघाले होते, उंबऱ्यातच बसले, आणि उठलेच नाहीत. "तू निघू नको," ती म्हणाली, "तू यायच्या आत माती होऊन जाईल." ते खरंच होतं. वापीहून परभणी म्हणजे दोन गाड्या बदला, तेवढं कुणी थांबत नसतं. मी पिशव्या भरत राहिले. दुसरं काय करावं ते सुचलंच नाही.

ह्याला आता काही आठवडे झाले. परभणीत त्यांच्यावर बोलणारे शिकलेले लोक पुष्कळ असतील. माझं शिक्षण आठवीतच सुटलं. आमचं माहेर पिंगळीकडचं, आई-बाप मेंढरं वळायचे. पावसाळा सरला की कळपामागं बिऱ्हाड निघायचं आणि शाळा जाग्यावर राहायची. लग्न होऊन पेडगावला आले आणि तिथून नवऱ्याच्या नोकरीमागं गुजरातेत वापीला. तिथं कंपन्यांत आमच्याकडची पोरं लय. एका खोलीत चौघं-पाचजण राहतात, मेसचं खाऊन कंटाळतात. नवऱ्याच्या डब्यातलं धपाटं त्यांनी खाल्लं आणि मागंच लागली. "वहिनी, नुसतं पीठ कालवून द्या की, थापायचं आमी बघतो." मी गावाकडून ज्वारीचं पीठ आणून, तिखट-मीठ, तीळ, लसूण घालून द्यायला लागले. पण महिना होत आला की पीठ कडवट व्हायचं. पोरं बिचारी काही बोलायची नाहीत, फक्त परत मागायची नाहीत.

एका दिवाळीला गावी आले तेव्हा वंदनानं एका मेळाव्यात ऐकलं होतं की परभणीच्या विद्यापीठात नवीन उद्योजकता केंद्र निघालंय, पिठा-मसाल्याची मशिनं हायत, लोकांना शिकवतात. मी म्हटलं, ते आपल्यासाठी नसतं. ती म्हणाली, "चल गं, इचारून तर बघू. खायला उठनारंय का कुनी?"

तिथल्या टेबलावरच्या माणसानं पहिल्यांदा शिक्षण विचारलं. मी हळूच "आठवी" म्हटलं. त्यानं पेन खाली ठेवला आणि चांगुलपणानंच सांगितलं की बाई, हे पदवीवाल्या मुलांसाठी असतं. मी पदर सावरून निघालेच होते. आतल्या दारातून एक उंच, दाढीला मेंदी लावलेले गृहस्थ कपबशी हातात घेऊन आले. "काय ओ," त्या माणसाला म्हणाले, "बाहेरच्या पाटीवर आपण काय लिवलंय? सर्वांसाठी खुलं. एक तर ती पाटी उतरवा, न्हाईतर बाईंना आत येऊ द्या. पाटी उतरवायची आसंल तर शिडीवर तुमीच चढा, माझा गुडघा दुखायलाय." मग माझ्याकडं वळून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाला पाहिजे तुमचं पीठ?" मी वापीच्या पोरांचं सांगितलं. त्यांनी कपबशी तशीच खाली ठेवली आणि समोर बसून सगळं ऐकलं. चहा गार झाला.

नंतर मला कळलं की त्या दिवसांत सगळ्याच विद्यापीठांत हे वारं आलं होतं. नुसतं शिकवू नका, उद्योजक घडवा, आणि जमलं तर स्वतःही कमवा. सर सारं आयुष्य धान्यप्रक्रिया शिकवत आलेले, निवृत्ती जवळ आलेली, तेव्हा हे नवं काम त्यांच्या गळ्यात पडलं. बरोबरीचे मास्तर लोक चेष्टा करायचे, "मोमीन, आता गल्ल्यावर बसा." सर म्हणायचे, "बसतो की, पर आधी गिऱ्हाईक तरी दाखवा."

पीठ कडू का होतं ते त्यांनी मला एका दुपारी समजावलं. दाण्यात तेल असतं, दळलं की ते उघडं पडतं आणि नासतं. म्हणून दळायच्या आधीच दाण्याला वाफ द्यायची, वाळवायचा, मग दळायचा. मी आठवी सुटलेली बाई, पण त्यांनी सांगितलेलं एकदाही डोक्यावरून गेलं नाही. पीठ महिनोन् महिने टिकायला लागलं. मी त्या वर्षी नवऱ्याला वापीत मेसच्या जेवणावर सोडून पेडगावातच राहिले. रोज बस धरून केंद्रात यायची. लोक काय म्हणतील, नवरा काय म्हणेल, ह्याची धडधड रोज बरोबर असायची.

मग विद्यापीठात पिठाची चव बघायचं ठरलं. मास्तर लोक आणि मुलंमुली ओळीनं बसली, प्रत्येकानं एक एक घास घेऊन कागदावर गुण दिले. सगळ्यांनी चांगलेच गुण दिले. मी हरखले. सर मात्र कागद बघून नाराज. म्हणाले, "आपल्याकडं कुणी तोंडावर वाईट म्हनतंय का? लग्नात करपलेली भाजी खाऊन बी लोक 'बेस झालतं' म्हनून हात धुतात. चला, बाजारात बसू."

ताडकळसच्या आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून आम्ही बसलो. मी, वंदना आणि विद्यापीठाचे प्राध्यापक मोमीन सर, डोक्याला उपरणं गुंडाळून. त्यांचा एक जुना विद्यार्थी मोटरसायकल थांबवून बघतच राहिला. "सर, हे काय? पगार बंद झाला का काय?" सर म्हणाले, "झाला न्हाई रे, पर सवय करायलोय!" त्या दिवशी पीठ हातोहात खपलं. मी घरी जाऊन गोड केलं. सरांनी मात्र बजावून ठेवलं होतं, "पहिल्या बाजारी लोक आपल्या तोंडाकडं बघून घेतात. कोण परत येतंय ते दुसऱ्या बाजारी कळंल."

दुसऱ्या बाजारी कुणीच आलं नाही. तीच माणसं समोरून जायची, आमच्याकडं बघून रस्ता बदलायची. मला रडू यायला लागलं. वंदना उगाच पिशव्या सारख्या करत बसली. सर उठले नाहीत. ऊन कलेपर्यंत ते माझ्याजवळ बसून शेंगा फोडत राहिले, समजूत काढायची म्हणून एक शब्द बोलले नाहीत. ते बसलेत म्हणून मीही बसले. शेवटी एक म्हातारी ओट्यात कांदे घेऊन आली. घ्यायला नव्हे, भांडायला. "तूच का गं ती पीठवाली? चव बरी हाय, पर उचलताना फाटतंय की तुजं धपाटं. फडक्यावरनं निघंना. सुनंनं मला बोल लावले, काय आनलंव म्हनून." सर पुढं सरकले, "फडक्यावर थापता?" म्हातारी म्हणाली, "मंग काय तुज्या डोक्यावर थापू?" सर इतके मोठ्यानं हसले की शेजारचा मिरचीवाला उठून बघायला लागला.

गोष्ट अशी होती की विद्यापीठात ओलं फडकं चालायचं नाही, स्वच्छतेचा नियम. तिथं आम्ही स्टीलच्या टेबलावर प्लास्टिकचा कागद टाकून धपाटी थापायचो आणि ती सुटून यायची. पण वाफ दिलेल्या ज्वारीची चिकटाई कमी होते, ते घरच्या ओल्या फडक्यावर उघडं पडलं. एवढी शिकलेली माणसं आणि जन्मभर धपाटी थापलेल्या आम्ही दोघी, कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. सरांनी दुसऱ्याच दिवशी नियम बाजूला ठेवून प्रयोगशाळेत सुती फडकं आणलं. उडदाचं पीठ थोडं थोडं वाढवत बघितलं आणि धपाटं अख्खं निघालं. पुढच्या बाजारी सरांनी म्हातारीला हाक मारून पिशवी दिली. त्याच्या पुढच्या बाजारी ती सुनेला घेऊन आली.

तेव्हापासून सरांनी केंद्रात रीतच पाडली. शेवटच्या वर्षाच्या मुलांनीही आपण केलेला माल घेऊन दोन बाजार बसायचं. एक मुलगा कुरकुरला, "सर, मी अधिकारी व्हायला आलोय." सर म्हणाले, "हो की बाबा, पर अधिकारी होईस्तोवर ही चिक्की तेवढी खपव."

मग ती गोष्ट झाली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. एके दिवशी गेले तर सर मशिनीपाशी एकटेच उभे होते. म्हणाले, "बाई, बसा. एक कंपनी आली होती. तुमच्या पिठाची रीत त्यांना पाहिजे. त्यांना एकट्यालाच."

"म्हंजे मला..."

"तुमाला मग विकता यायचं न्हाई."

नवऱ्याला तिकडं सोडून, लेकरं जावेच्या गळ्यात घालून मी जे उभं केलं होतं, ते एका कागदावर जाणार होतं. मी विचारलं, "तुमी काय म्हनलाव सर?"

"अजून काही न्हाई. खोटं कशाला बोलू, माझं मन तिकडं वढ घ्यायलंय. वरून सारखं इचारनं व्हायलंय, केंद्रानं काय कमावलं म्हनून. कंपनीला दिलं तर केंद्र वाचतंय. न्हाईतर कदाचित कुलूप."

मी उठून परात घासायला घेतली. मला दुसरं काही येत नव्हतं.

"बोला की."

"तुमी म्हनाल तसं, सर."

आयुष्यात एकदाच ते माझ्यावर चिडले. "तसं म्हनू नका! रीत आपल्या दोघांची हाय. मला उद्या बैठकीत बोलायचंय. हो म्हना न्हाईतर न्हाई म्हना."

"न्हाई."

"ऐकू आलं न्हाई."

"न्हाई द्यायचं, सर." हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की माझी मलाच लाज वाटली. सरांनी मान हलवली आणि पंखा बंद करून निघून गेले.

बैठकीत त्यांनी काय सांगितलं ते पुढं त्यांच्याच तोंडून ऐकलं. रीत कंपनीनं घ्यावी, पण इथं शिकून गेलेल्या जिल्ह्यातल्या माणसालाही ती वापरता यावी. आणि केंद्राची कमाई म्हणाल तर मशिनं गिरणीसारखी चालू ठेवू. ज्यानं त्यानं आपले दाणे आणावेत, दळणावळ द्यावी, आपलं पीठ घेऊन जावं. कंपनी परत आली नाही. केंद्राला कुलूप लागलं नाही, पण मिळणार म्हणून ठरलेली नवी इमारत हुकली आणि आम्ही मागच्या पत्र्याच्या शेडमध्येच राहिलो. कुणीतरी मागं म्हणालं, "ह्या माणसानं विद्यापीठाची गिरणी केली." सरांनी ते घरी जाऊन भाभींना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्हालाही, जसा काही सत्कार झाला होता. त्या शेडमध्ये पुढं हळदवाल्या आल्या, लोणचंवाल्या आल्या, नोकरीची वाट बघून थकलेली पदवीवाली मुलं आली. दळणासाठी नंबर लागायला लागले. शेडमध्ये उकडायचं, आणि नव्या इमारतीचं सरांना वाईट वाटत होतं हेही मला ठाऊक आहे. एकदा दुपारी घाम पुसत पत्र्याकडं बघून म्हणाले होते, "एवढं एक जमलं असतं तर..." आणि पुन्हा मशिनीकडं वळले.

निवृत्त झाल्यावरही ते यायचे. शेवटची भेट तिथलीच. मी वापीला परत निघाले होते. आता दळायचं काम वंदना बघते आणि मी इकडं विकते. सरांनी नेहमीचं विचारलं, "परत कोण कोण यायलंय?" मी घडाघडा नावं सांगितली. ते म्हणाले, "आणि यायचं बंद कोण झालं?" ते मी कधी विचारलंच नव्हतं. "ते इचारत जा," म्हणाले. "आलेल्याला आपलं कौतुकच आसतंय. न आलेल्याकडनं शिकायला मिळतंय."

ते गेल्याचं कळल्यावर मी दोन दिवस विकायला बाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी उठले आणि पीठ घ्यायचं बंद केलेल्या एका पोराच्या दारात जाऊन उभी राहिले, सेलूकडच्या. भीत भीत विचारलं, "भाऊ, पिठात काही वाईट निघालं का?" तो लाजला. "न्हाई वहिनी, लगीन झालं. आता बायको करती." मला हसू आलं आणि जिन्यातच डोळे भरून आले. हे सरांना सांगितलं असतं तर ते पुन्हा तसेच मोठ्यानं हसले असते...

परवा वंदना सांगत होती, शेडमध्ये एक नवी बाई आलीय, पूर्णा भागातली. अंबाडीच्या पानाची चटणी करते. पहिल्या बाजारी सगळी खपली, म्हणून खुशीत आहे. मी वंदनाला म्हटलं, दुसऱ्या बाजारी तिला एकटीला सोडू नको, मी येईपर्यंत तू बस. थंडीत मी येणार आहे, आणि जी कुणी नवी असेल तिच्याजवळ दिवसभर बसणार आहे, काही न बोलता. सर, तुमचं माझ्यावर फार झालंय. एका खेपेत ते फिटायचं नाही, पण मी फेडीन.